कोरड्या फाट्यात गुडघाभर पाणी

पडदा वर जातो तेव्हा समोर विद्यापीठाच्या भूगोल विभागाची प्रयोगशाळा आहे. मधोमध लांबलचक टेबल. त्यावर शाईचे डाग, डिंकाचे ओघळ आणि कुणीतरी करकटकानं कोरून ठेवलेली दोन नावं. डाव्या भिंतीला नकाशांचं कपाट, ज्याचं दार लावायला गेलं की उघडतं आणि उघडायला गेलं की अडकतं. उजवीकडे बेसिन, खाली बादली आणि बादलीशेजारी चिखलात माखलेले गमबूट. त्यातले पाच जोड एकमेकांच्या अंगावर रेलून पडलेत, सुट्टीच्या दिवशी उशिरा उठलेल्या माणसांसारखे. सहावा जोड मात्र धुऊनपुसून, टाचेला टाच लावून, सावधान उभा आहे.

हा सहावा जोड ज्याचा, तो आपला माणूस. शेवटच्या स्टुलावर बसलाय. बसलाय म्हणजे काय, बसल्या जागी उभाच आहे म्हणा ना! पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, कानशिलं पांढरी. आजूबाजूची पाच पोरं त्याच्या लेकीच्या वयाची. ती त्याला ‘मेजर’ म्हणतात. पहिल्याच तासाला मॅडम वर्गात शिरल्या आणि हा खाडकन उभा राहिला. त्याला बघून सगळा वर्ग गोंधळून उभा राहिला. मॅडमना वाटलं, कुणाला तरी श्रद्धांजली वाहायचीय. त्यांनीही मान खाली घातली. त्या दिवसापासून हा मेजर. फौजेत उभ्या हयातीत जो हुद्दा लांबूनसुद्धा ओळख दाखवत नव्हता, तो इथे एकदा उठून उभं राहण्यात मिळाला.

दार उघडलं. मॅडम आत आल्या. सवयीनं मेजर उठला, त्यांनी हातानं बस म्हटलं. आज चेहरा नेहमीचा नव्हता.

“ओढ्याच्या मोजणीचा तुमचा तक्ता मी पाहिला,” त्या म्हणाल्या. “सहा जणांचा मिळून एक. छान सजवलाय. त्यात शेवटची ओळ आहे, ओढ्यातून फुटणाऱ्या फाट्याची. तिथे पाणी गुडघाभर, आणि वेगही लिहिलाय.”

“हो मॅडम,” एक पोरगी उत्साहानं म्हणाली. तिला सगळे बडबडी म्हणत. तिच्या तोंडाला झाकण नव्हतं.

“त्या आठवड्यात पाणी खात्यानं फाट्याचं पाणी अडवायचं दार खाली सोडलं होतं. दुरुस्तीसाठी. फाटा ठणठणीत कोरडा होता. मी स्वतः तिथून चप्पल न भिजवता पलीकडे गेले.” त्या थांबल्या. “मग हे गुडघाभर पाणी कुणाच्या गुडघ्याला लागलं?”

टोपीवाला पोरगा, जो टोपी डोक्यावरून झोपेतही काढत नसावा, त्यानं टोपी काढली. बाकीचे तिघे टेबलावर कोरलेली नावं अशी वाचायला लागले, जशी ती उद्याच्या परीक्षेला येणार होती. आणि बडबडी... पण तिच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

“मी विचारतेय. कुणी लिहिलं हे?”

मेजरनं पाच माना खाली गेलेल्या पाहिल्या. त्याला विचार करावा लागला नाही. पाय आपोआप सरळ झाले, टाचा जुळल्या.

“माझी जबाबदारी, मॅडम.”

मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या. या माणसाबद्दल त्यांची काही वेगळी कल्पना असावी. ती त्यांच्या डोळ्यांदेखत ढासळली. “तुमची?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हो.” आणि तक्ता उचलून निघून गेल्या.

मेजर बसला. त्याच्या मते विषय संपला होता. शिक्षा काय असेल ती सांगतील, ती भोगायची, की पाटी कोरी. त्याला खरं सांगायचं तर बरंच वाटत होतं. पुष्कळ दिवसांनी अंगात जुना कपडा घातल्यासारखं.

हा जुना कपडा कुठला, ते आधी सांगायला हवं.

मेजर फौजेत पूल बांधणाऱ्या तुकडीत होता. नदी आली की तराफे पाण्यात सोडायचे, दोरांनी जखडायचे, वर फळ्या टाकायच्या, गाड्या पलीकडे जाऊ द्यायच्या आणि शेवटची गाडी गेली की सगळं सोडून, गुंडाळून पुढच्या नदीवर जायचं. कितीतरी नद्या त्यानं छातीपर्यंत अंगावर घेतल्या. पण त्या कुठून येतात, कुठे जातात, वळण असंच का घेतात, हे विचारायची सोय नव्हती. “पूल टाकायला आलायस की नदीला मागणी घालायला?” असं त्याचे उस्ताद म्हणायचे.

या उस्तादांनीच त्याला ती रीत दाखवली. तो नवा असताना एका लुकड्या जवानानं दोराची गाठ नीट मारली नाही आणि पहाटे अर्धा पूल प्रवाहाबरोबर फिरायला निघून गेला. साहेब आले, लालबुंद. “कुणी बांधला हा दोर?” सगळ्यांच्या नजरा बुटांवर. तेव्हा उस्ताद पुढे झाले. “माझी जबाबदारी, साहेब.” साहेबांनी त्यांना पाठीवर ओझं घेऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. साहेबांनाही ठाऊक होतं, उस्तादांना ठाऊक होतं आणि तुकडीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं, की ती गाठ उस्तादांची नव्हती. तो काही गुन्हा कबूल करणं नव्हतं. जुन्यानं पुढे व्हायचं, साहेबाचा राग अंगावर घ्यायचा, तुकडी वाचवायची. मात्र या रीतीचा दुसरा अर्धा भागही होता. संध्याकाळ झाली तेव्हा तो लुकडा आपणहून उस्तादांच्या तंबूत गेला, एक अक्षर न बोलता त्यांचे बूट घासायला बसला आणि मग म्हणाला, “उस्ताद, गाठ माझी होती.” उस्ताद म्हणाले, “माहीत होतं. दुसरा बूट राहिला.” झालं. त्यानंतर त्याची गाठ कधी सुटली नाही.

पुढे मेजर स्वतः जुना झाला, तेव्हा तोही कितीदा तरी असाच उभा राहिला. त्याच्याकडेही संध्याकाळी कुणी ना कुणी आलंच. एकदाही चुकलं नाही.

फौज सुटली, आणि सैनिकाला मिळणारी शिक्षणाची सवलत हातात आली. विद्यापीठाची फी सरकार भरणार, वर महिन्याला निर्वाहापुरतं देणार. पण अट अशी, की सवलत एकदाच. सैनिकानं स्वतः शिकावं, नाहीतर ती आपल्या एका मुलाला द्यावी. एकाच्या नावानं सुरू झाली की दुसऱ्याच्या नावानं होत नाही.

मेजरला एकच लेक. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. हुशार पोरगी, तिचंच नाव घालायचं असं मेजरच्या मनात पक्कं होतं. सैनिक कल्याण कार्यालयाच्या खिडकीशी बाप-लेकीचं असं भांडण जुंपलं की मागची रांग हसायला लागली.

“तू जा.”

“तुम्ही जा.”

“अगं, माझं वय काय, मी करू काय शिकून?”

“टीव्हीवर नदी दिसली की तुम्ही घास हातात धरून बसता, बाबा. आई वरण तीनदा गरम करते. जा एकदाचे आणि विचारून या त्या नद्यांना. मी शिकीन हो मागाहून, भिंगं घासता घासता. माझ्याकडे वेळ आहे.”

आणि तिनं खिडकीत वाकून बापाचं नाव सांगून टाकलं. मेजर हादरलाच होता. शत्रूच्या माऱ्यात हलला नसता, तो लेकीच्या एका वाक्यानं हलला. घरी बायको म्हणाली, “बरं झालं. निदान आता परीक्षेच्या भीतीनं तरी घोराल कमी.”

तर अशी ती सवलत. लेकीनं आपल्या ताटातली काढून बापाच्या ताटात वाढलेली. मेजर ती सवलत कशी जपत असेल, ते सांगायला नको. विद्यापीठात मात्र हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पोरांना वाटायचं, काका निवृत्त आहेत, वेळ जात नाही, येतात आपले.

आता परत त्या दिवसावर येऊ.

प्रयोगशाळा सुटली. मेजर सायकलींच्या शेडपाशी दगडी कट्ट्यावर जाऊन बसला. मुद्दाम एकटा, येणाऱ्याला संकोच नको म्हणून. पोरं बाहेर आली. टोपीवाल्यानं जाता जाता हात केला, “चला काका!” बाकीचे तिघे चित्रपटाबद्दल बोलत गेले. बडबडी सायकल काढायला आली, कुलूप उघडताना किल्ली दोनदा पडली, आणि ती काही न बोलता निघून गेली. शेड रिकामी झाली. ऊन कट्ट्यावरून उतरलं, भिंतीवर चढलं आणि दिसेनासं झालं. पहारेकरी फाटकाची साखळी वाजवत आला.

“मेजर, कुणाची वाट बघताय?”

“येईल कुणीतरी.”

“कुणीतरी म्हणजे कोण?”

“तेच तर बघायचंय.”

पहारेकऱ्यानं आत डोकावलं, वर्ग पाहिले, जिना पाहिला. “अहो, आत मांजर पण उरलं नाही.”

मेजर उठला. त्याला पटेना. असं कधी झालंच नव्हतं. फौजेत सूर्य पश्चिमेला मावळतो हे जितकं खरं, तितकंच हे खरं होतं, की जुना उभा राहिला तर संध्याकाळी कुणीतरी येतं. त्यानं स्वतःची समजूत घातली: पोरं आहेत, उद्या येतील. उद्याही कुणी आलं नाही, परवाही नाही. आणि मग आला तो फोन.

फोन सैनिक कल्याण कार्यालयातल्या बाईंचा. मेजर तेव्हा स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीची जाळी घासत होता. बाईंनी त्याचं नाव, क्रमांक विचारला आणि म्हणाल्या, “तुमची शिक्षण सवलत तूर्त थांबवलीय. विद्यापीठाकडून कळवलंय. खोटे आकडे दिल्याची कबुली तुम्ही दिलीत.”

“कबुली?” मेजरच्या हातातून जाळी सुटली. “कसली कबुली, बाई?”

“तुम्ही वर्गात सगळ्यांसमोर मान्य केलंत ना? सिद्ध झालं तर सवलत कायमची बंद होते. नियमच आहे. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे, त्याला या.”

फोन ठेवल्यावरही मेजर तसाच उभा. भांड्याच्या घासणीतून साबणाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, शर्टात शिरलं, त्याला पत्ता नाही. तो मनात ते तीन शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होता. माझी जबाबदारी, मॅडम. त्यात कबुली कुठे होती? कुठल्या अक्षरात लपून बसली होती?

“काय झालं?” बायको आली. “कोण गेलं?”

“सवलत गेली.”

बायको मटकन स्टुलावर बसली. लेक दुकानातून यायची वेळ होती. ती आली, चपला काढता काढता दोघांचे चेहरे पाहिले आणि एक चप्पल पायातच राहिली. मेजरनं सगळं सांगितलं. ओढा, फाटा, कोरडं पाणी, खाली गेलेल्या माना, आपण कसे उभे राहिलो ते. उस्तादांसारखं. त्याला वाटलं, लेक म्हणेल, बरोबर केलंत. लेक एक चप्पल घालून तशीच उभी होती.

“बाबा,” तिनं विचारलं, “पण तुम्ही भरले होते का ते आकडे?”

मेजरला वाटलं, कानफटात बसली. परक्या मॅडमचं समजू शकत होता. पण ही? हिला कडेवर घेऊन त्यानं पाढे म्हटले होते.

“तू पण?”

“मी विचारतेय फक्त.”

“मी नाही भरले.”

“मग भरले म्हणून कशाला सांगितलंत?”

“भरले म्हणून कुठे सांगितलं? मी नुसता उभा राहिलो!”

“अहो, पण नुसतं उभं राहायला ते काय बसथांबा होता?” बायको कडाडली. “माणूस विचारतो कोण, आणि तुम्ही म्हणता मी, तर तो काय समजणार? तुमच्या त्या उस्तादांना नेऊन विचारायचं का त्यांनी? आयुष्यभर दुसऱ्याच्या वाटणीचं ओझं पाठीवर घेऊन पळालात, ठीक आहे, पाठ तुमची होती. या खेपेला पाठीवर पोरीचं ओझं होतं हो!”

लेकीचं तोंड उतरलं, पण ती रडली नाही. तिनं दुसरी चप्पल काढली, नीट जोडीला लावली आणि म्हणाली, “मी माझी सवलत तुम्हाला दिली होती, बाबा. त्या पाच जणांना नव्हती दिली.”

मेजर वाकला, हातातून सुटलेली शेगडीची जाळी उचलली. आणि घासलेलीच बाजू पुन्हा घासत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो विद्यापीठाच्या कँटीनमध्ये गेला. पाचही जण कोपऱ्यातल्या टेबलाशी होते. समोर गार झालेला चहा, टोपीवाल्याच्या तोंडात बिस्किट. मेजर बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “मला काही विचारायचं नाहीये. सांगायचंय. मी त्या दिवशी उभा राहिलो, तो मी केलं म्हणून नाही.”

बिस्किट अर्ध्यावर थांबलं. “म्हणजे?”

“म्हणजे, ज्यानं केलं त्याला संध्याकाळपर्यंत वेळ दिला. त्यानं आपणहून यायचं असतं. मी शेडपाशी बसलो होतो.”

पाच जण एकमेकांकडे बघायला लागले. असा धक्का बसलेला चेहरा मेजरनं फौजेतही पाहिला नव्हता.

“काका,” टोपीवाला म्हणाला, “आम्हाला वाटलं, तुम्हीच केलंय!”

“मी?”

“तुम्ही म्हणालात ना! आम्ही घरी जाताना हेच बोलत होतो, की मेजरनी असं का केलं असेल. मी तर आईला पण सांगितलं. ती म्हणाली, वय झालं की होतं असं.”

मेजरनं खुर्ची ओढली आणि बसला. कधी नव्हे तो पाठ टेकवून. एवढी वर्षं ज्या तीन शब्दांवर त्याचा डोळे झाकून विश्वास होता, ते इथे कुणाला कळलेच नव्हते. साहेबाला नाही, तुकडीला नाही. आपण रंगमंचावर एक नाटक करत होतो आणि समोर बसलेले दुसरंच बघत होते.

“आणि तुम्हाला काय होणारे?” तिघांतला एक म्हणाला. “आम्हाला वाटलं, ओरडा बसेल फार तर. तुम्हाला नोकरी करायची नाही, गुणांचं काय.”

तेव्हा मेजरनं सवलतीचं सांगितलं. लेकीचंही. अगदी थोडक्यात, हजेरी दिल्यासारखं सांगितलं. टोपीवाल्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. आणि मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की बडबडी केव्हापासून एक शब्द बोललेली नाही.

तिनं हातातला चमचा बशीत ठेवला.

“मी भरली ती ओळ,” ती म्हणाली.

“तू?” मेजर उडालाच. याच पोरीला तो डब्यातली चपाती रोज मोडून द्यायचा.

“तुम्हीच म्हणालात ना, काका! त्या दिवशी ओढ्यावर. ‘माझ्या तुकडीत एकही जागा रिकामी राहता कामा नये’ म्हणालात. केवढ्या आवाजात! मी घरी बघितलं, तर फाट्याची ओळ रिकामी. मला वाटलं, सकाळी मेजर बघतील आणि सगळ्यांना ओळीत उभं करतील. म्हणून मी भरली.”

“भरली म्हणजे कशी भरली?”

“म्हणजे... वरच्या ओळीतलं बघून. थोडं कमी करून. फाटा लहान आहे ना, म्हणून.”

“अगं पोरी!” मेजरचा आवाज कँटीनच्या छताला लागला, दोन टेबलांवरची माणसं वळली. “रिकामी नको म्हणजे तिथे जा आणि मोजून ये!”

“मला काय माहीत! आमच्याकडे रिकामी नको म्हणजे काहीतरी लिहून ये. शाळेपासून हेच सांगितलंय, येत नसलं तरी पान कोरं सोडू नका!”

मेजरनं कपाळाला हात लावला. त्याच्या हुकमाचा असाही अर्थ होतो, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यानं पाण्यात उतर म्हणून सांगितलं होतं, पोरीनं खुर्चीत बसून पाणी आणलं होतं. म्हणजे गाठ तिची. पण दोर त्यानंच तिच्या हातात चुकीचा दिला होता. जबाबदारी माझी, असं तो सवयीनं म्हणून गेला होता, आणि ती निघाली खरोखरच त्याची! ही गोष्ट त्याला सगळ्यांत जास्त चटका लावून गेली.

बडबडी डोळे पुसत उठली. “मी मॅडमकडे जाते. आत्ताच. मला काय, एक विषय पुन्हा द्यावा लागेल.”

“चहा तरी संपव,” मेजर म्हणाला.

“गार झालाय तो कधीचा,” ती म्हणाली आणि गेली. टोपीवाला टोपी विसरून तिच्यामागे धावला.

आता सगळं सुरळीत होणार, असं कुणालाही वाटेल. मेजरलाही वाटलं. सुनावणीच्या दिवशी त्यानं इस्त्रीचा सदरा घातला, लेकीनं दुकानातून अर्धी रजा घेतली, आणि दोघं विभागप्रमुखांच्या खोलीसमोरच्या बाकावर येऊन बसली. आत बोलावलं तेव्हा लेक म्हणाली, “बाबा, विचारलं तेवढंच सांगा. आणि उभे राहू नका.”

आत विभागप्रमुख होते, मॅडम होत्या आणि कल्याण कार्यालयातल्या त्या फोनवरच्या बाई. समोर खुर्ची होती. मेजर लेकीचं ऐकून बसला, पण खुर्चीला टेकला नाही.

“त्या मुलीनं सांगितलंय,” विभागप्रमुख खोकत म्हणाले. “तिचं आम्ही पाहू. आकडे तुम्ही भरले नाहीत, हे आता स्पष्ट आहे.”

मेजरनं श्वास सोडला. तेवढ्यात मॅडम पुढे वाकल्या.

“पण मग तुम्ही माझ्याशी खोटं बोललात.”

“मॅडम?”

“मी विचारलं, कुणी लिहिलं. तुम्ही म्हणालात, मी. तुम्ही लिहिलं नव्हतं. खोटा आकडा आणि खोटी कबुली, यात मला फरक दिसत नाही. कोरड्या जागी पाणी दाखवलंत तुम्ही पण.”

मेजरचा चेहरा असा झाला, की विभागप्रमुखांनी पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. खोटं! त्याला आयुष्यात आळशी म्हटलं होतं, ठोंब्या म्हटलं होतं, नदीचा जावई म्हटलं होतं. पण खोटारडा कुणी म्हटलं नव्हतं. आणि सगळ्यांत वाईट हे, की मॅडम बरोबर बोलत होत्या. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर एक अन् एक शब्द बरोबर.

“आमच्यात ते खोटं नसतं, मॅडम,” तो कसाबसा म्हणाला. “सगळ्यांना माहीत असतं.”

“पण मला माहीत नव्हतं.”

“नाही,” मेजर म्हणाला. “ते माझ्या लक्षातच आलं नाही.”

मग कल्याण कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, “मी बोलू का? आमच्याकडे असे प्रकार येतात. गेल्या वर्षी एक जण गोदामात पहारेकरी होता. माल चोरीला गेला, मालकानं विचारलं, आणि हा पुढे होऊन म्हणाला, जबाबदारी माझी. पोलिसांनी नेला त्याला! बायको माझ्या टेबलावर डोकं आपटत होती. चोर भलताच निघाला, पण तोवर बिचारा आत. मी त्याला विचारलं, अहो, असं का म्हणालात? तर म्हणतो, बाई, सगळ्यांत जुना मीच होतो.”

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. “पोलिसांनी नेला?”

“हो. आणि तिथेही ठाणेदार आत आला की हा उभा.”

विभागप्रमुख हसले, मग हसू आवरलं, मग त्यांना खोकला आला. तिघांनी डोकी जवळ घेऊन काही कुजबूज केली. मेजर मान वळवून दाराकडे बघत बसला होता. त्याला आतून लेकीचा पाय दिसत होता, दाराखालच्या फटीतून. चपलेचं टोक स्थिर होतं, जरासुद्धा हलत नव्हतं.

अखेर विभागप्रमुखांनी सांगितलं. सहाही जणांनी ओढ्याची मोजणी पुन्हा करायची, फाट्यासकट. मेजरला समज द्यायची. सवलत चालू राहील.

मेजरला ते लगेच कळलं नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं, “चालू राहील हो. ऐकताय ना?” तेव्हा कुठे त्यानं मान हलवली. दाराबाहेर चपलेचं टोक एकदम नाहीसं झालं. बहुतेक लेकीनं पाय जवळ घेऊन तोंड झाकलं असावं.

तो उठून निघाला. दाराशी पोचला तेव्हा मॅडमनी हाक मारली.

“एक सांगून जा. नियमाचं नाही, माझ्यासाठी. उद्या वर्गात पुन्हा असं काही झालं, मी विचारलं कुणी केलं, आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तर तुम्ही काय कराल?”

कल्याण कार्यालयातल्या बाई डोळ्यांनी खुणावत होत्या, मान नाही म्हणून हलवत होत्या. विभागप्रमुखांनी फाईल अर्धवट मिटून हात तसाच ठेवला होता. दाराबाहेरून लेकीचा दबका आवाज आला, “बाबा!” मेजरनं दाराची कडी सोडली, वळून उभा राहिला आणि म्हणाला:

“उभा राहीन, मॅडम. आता खोटं कशाला बोलू?”